कुबेराचा साठा आणि रसिकाची तबकडी

बडोद्याच्या स्टेशनाच्या पश्चिमेस वसलेल्या अलकापुरीचे नाव कानी पडले की कालिदासाच्या वाचकाला यक्षनगरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ती अलका कुबेराची राजधानी. कुबेर म्हटला की आपणांस स्मरतो तो त्याचा साठा. त्याची रसिकता कोणी वाखाणलेली ऐकिवात नाही. त्याच नगरीतला एक यक्ष मात्र हाती काही नसताना केवळ आठवणीच्या बळावर अजरामर झाला. संग्राहकांचेही असेच दोन वर्ग पडतात. एक जमवून कुलूप लावणारा, दुसरा आठवण जिवंत ठेवणारा. जॅझ संगीतातील सॅक्सोफोनच्या जुन्या, मूळ तबकड्या जमविणाऱ्यांच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. तो का, ते आज पाहावयाचे आहे.

प्रथम वाद्याचा थोडा परिचय. सॅक्सोफोन हे बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्स याचे अपत्य. 1846 साली पॅरिस येथे त्याने त्याचे पेटंट घेतले. वाद्याचे अंग पितळेचे असले तरी त्याच्या तोंडाशी बोरूसारख्या वेताची एक पातळ पट्टी बसविलेली असते व तिच्या कंपनाने स्वर निघतो. आपल्या सनईत अशा पट्ट्यांची जोडी असते, येथे एकच. लष्करी बँडसाठी निघालेले हे वाद्य विसाव्या शतकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांच्या हाती पडले आणि त्याला माणसाचा गळा फुटला. कवायतीच्या मैदानावरचा आवाज कुजबुजू लागला, विनवू लागला, हुंदके देऊ लागला.

आता तबकडीचे महत्त्व. युरोपातील अभिजात संगीत कागदावर लिहिलेले असते; वादक गेला तरी रचना उरते. जॅझमध्ये वादक ऐन वेळी जे सुचेल ते वाजवितो आणि तेच त्या संगीताचे सार असते. 11 ऑक्टोबर 1939 रोजी न्यूयॉर्क येथे कोलमन हॉकिन्स याने ‘बॉडी अँड सोल’ हे गीत सॅक्सोफोनवर मुद्रित केले. मूळ चालीची जेमतेम ओळख देऊन त्याने सुमारे तीन मिनिटे जो विस्तार केला, तो पुढील पिढ्यांनी पाठ केला. त्या दिवशी मेणावर रेघ उमटली नसती तर तो विस्तार त्या खोलीतल्या हवेबरोबर विरून गेला असता. ख्यालगायनाच्या श्रोत्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. उस्ताद फैयाज खाँ यांच्या आलापीचे स्वरलेखन कितीही काटेकोर केले तरी त्यातून खाँसाहेब ऐकू येणार नाहीत.

त्या काळच्या तबकड्या मिनिटाला 78 फेरे घेत आणि त्या प्रामुख्याने लाखेच्या असत. ही लाख बहुतांशी हिंदुस्थानच्या जंगलांतून जाई. म्हणजे हार्लेमच्या वादकाचा श्वास साठविण्याचे साधन आपल्याच वनवासी बांधवांनी फांद्या खरवडून गोळा केलेले असे! दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई पडली तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या परत घेऊन वितळविण्यापर्यंत मजल गेली. पुढे 1948 साली कोलंबिया कंपनीने व्हिनिलची, 33⅓ फेऱ्यांची, बारीक खाचांची दीर्घ तबकडी बाजारात आणली. तीन मिनिटांचे बंधन सुटले आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. सॉनी रोलिन्सचे 1956 मधील ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ किंवा जॉन कोल्ट्रेनचे 1957 मधील ‘ब्लू ट्रेन’ यांतील ऐसपैस वादन या सवडीवाचून घरोघरी पोहोचते ना.

अशा तबकडीची पहिली आवृत्ती ओळखणे ही एक विद्याच होऊन बसली आहे. ‘ब्लू नोट’ कंपनीचेच पाहा. मध्यभागीच्या कागदी चकतीवर छापलेला कंपनीचा पत्ता काळानुसार बदलत गेला; त्यावरून तबकडीचे वय ठरते. खाचा संपून चकती सुरू होण्याच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात रुडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाची आद्याक्षरे आढळतात. 1966 पर्यंत ज्या कारखान्यात या तबकड्या दाबल्या जात, त्याची कानाच्या आकाराची एक लहानशी खूणही तेथेच सापडते. नाणेशास्त्रज्ञाने टाकसाळीचे चिन्ह शोधावे तसा हा प्रकार.

परंतु मूळ म्हणजे निर्दोष असे मात्र नव्हे. माइल्स डेव्हिसच्या 1959 मधील ‘काइंड ऑफ ब्लू’ या प्रसिद्ध तबकडीत जॉन कोल्ट्रेन व कॅननबॉल ॲडर्ली असे दोन थोर सॅक्सोफोनवादक आहेत. मुद्रणयंत्र किंचित मंद चालल्यामुळे तिच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना वाजताना थोड्या जलद व चढ्या सुरात उमटल्या. ही चूक 1992 साली सुधारली गेली. तोवर तबकडीशी सूर जुळवू पाहणारे वादक आपल्याच वाद्याला दोष देत असले तर नवल नाही. मूळ प्रत हा पुरावा असतो. आणि पुरावा जपावा लागतो तसाच पारखावाही लागतो.

हा सारा परदेशचा इतिहास झाला असे कोणी म्हणेल. पण त्याचे एक पान मुंबईत लिहिले गेले आहे. 1935 साली लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला. त्यातील रुडी जॅक्सन हा पूर्वी ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात होता. त्याच ताफ्यातील क्रिकेट स्मिथ याने पुढे स्वतःचा वृंद उभारला आणि 1936 साली मुंबईतच ‘रेक्स’ या नाममुद्रेखाली तबकड्या दिल्या. त्यांतील एक गीत खुद्द ताजमहालावर होते. या पाहुण्यांपासून येथील तरुण शिकले. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी गिरवून आलेले गोमंतकीय तर होतेच, शिवाय रुडी कॉटन या नावाने गाजलेला सॅक्सोफोनवादक जन्माने पारशी होता. 1958 साली डेव्ह ब्रूबेक आपल्या चौकडीसह राजकोट व मुंबई येथे वाजवून गेला, तेव्हा पॉल डेसमंडचा मृदू सॅक्सोफोन सौराष्ट्रातही घुमला. 1970 मध्ये गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस याने ‘राग रॉक’ या तबकडीत रागस्वरांना सॅक्सोफोनवर वाट करून दिली, आणि 1978 साली मुंबईच्या पहिल्या ‘जॅझ यात्रे’त प्रत्यक्ष सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेला.

शिवाय जे लोक जॅझचे नावही घेत नसत त्यांच्याही घरी तो पोहोचला होता. आपले सी. रामचंद्र यांनी भगवानदादांच्या 1951 मधील ‘अलबेला’ चित्रपटात चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाला ताफ्यासह घेतले. ‘आराधना’मधील ‘रूप तेरा मस्ताना’ या 1969 च्या गीतात मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आहे. ही गीते लाखोंनी ऐकली. परंतु चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायकाचे व संगीतकाराचे नाव असे, वादकाचे सहसा नसे. ज्याच्या फुंकरीने गाणे पेटले तो अनामिकच राहिला. म्हणून म्हणतो, न्यूयॉर्कच्या तबकडीसाठी हजारो रुपये मोजणाऱ्या आपल्या संग्राहकाने मुंबई-कलकत्त्याच्या तबकड्यांकडे पाठ फिरविणे बरे नव्हे. तिकडच्या तबकड्यांना जगभर राखणदार आहेत, इकडच्यांना आपणच.

राखणदार असला तर काय घडते याचे उदाहरण बडोद्याचेच आहे. येथे 1886 साली गायनशाळा सुरू करणाऱ्या मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ. त्यांचा जन्म बडोद्यात 1882 सालचा. 1909 साली त्यांनी कलकत्त्यास काही तबकड्या गायिल्या, 1910 मध्ये ते अमेरिकेस गेले आणि पुढे जगाने त्यांना सूफी उपदेशक म्हणून ओळखले. त्यांच्यातला गवय्या विस्मृतीत गेला असता; पण त्या जुन्या तबकड्या कोणी कोणी टिकवून ठेवल्या होत्या आणि 1994 साली, म्हणजे 85 वर्षांनी, ते गाणे पुन्हा प्रसिद्ध झाले. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पेटीत ज्या तबकड्या पडून राहिल्या, त्यांनी बडोद्याचा एक आवाज परत दिला.

तेव्हा घरात जुन्या तबकड्या असतील तर चार गोष्टी पाळाव्यात. त्या आडव्या रचू नयेत. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. ऊन लागू देऊ नये, कारण व्हिनिल वाकते. हातून निसटू देऊ नये, कारण लाख फुटते. पावसाळ्यात वेष्टनांना बुरशी धरते, ती वेळीच पुसावी. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई दीर्घ तबकडीवर कधीही टेकवू नये. एका फेरीत तिच्या बारीक खाचांचे कायमचे नुकसान होते. वेष्टनावर वा चकतीवर जी नावे असतील ती वहीत उतरवून ठेवावीत, आणि वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली, पण न छापलेली वादकांची नावे त्यांच्या शेजारी लिहावीत.

आणि मुख्य म्हणजे, तबकडी अधूनमधून वाजवावी. चार शेजाऱ्यांना बोलवावे, दिवा मंद करावा, आणि ऐंशी वर्षांपूर्वी कोणा परक्या मुलखातल्या माणसाने छाती भरून घेतलेला श्वास आपल्या दिवाणखान्यात मोकळा होऊ द्यावा. सुईची खरखर ऐकू येईल. तिला हरकत घेऊ नये. एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या पाहुण्याच्या पायाला थोडी धूळ असायचीच.