मौना लोआवरील बॉम्ब

१/४
हवाई बेटावरील मौना लोआ हा पालथ्या ढालीसारखा पसरट ज्वालामुखी. त्याचा बेसाल्टी लाव्हारस पातळ असल्याने मैलोन्मैल वाहत जातो.

२/४
१९३५ च्या डिसेंबरात असाच एक प्रवाह हिलो शहराच्या दिशेने सरकू लागला. शहराला पाणी पुरवणारी वायलुकू नदी धोक्यात आली.

३/४
वाहत्या लाव्हारसावर कवच धरते; आतला रस त्या नळीतून उष्णता राखून दूर पोहोचतो. हे छत फोडल्यास रस उगमाजवळच पसरून गोठेल, असे ज्वालामुखीशास्त्रज्ञ थॉमस जॅगर यांना वाटले. त्यांच्या सूचनेवरून २७ डिसेंबरला अमेरिकी लष्करी विमानांनी बॉम्ब टाकले.

४/४
काही दिवसांतच प्रवाह थांबला. जॅगर यांनी श्रेय बॉम्बना दिले. पुढे इतर भूशास्त्रज्ञांनी मात्र उद्रेकच ओसरत आला होता, असे मत मांडले. हिलो वाचले; कशामुळे, हा वाद मागे उरला.