चांदीच्या कडेवरचं नाव

सराफाच्या तराजूत जुनी चांदी पडली की तिचा इतिहास संपला. आमच्या रामाकोन्याकडे, सौंसरच्या सगळ्या पट्ट्यात, हमेलीतले रुपये असेच किती गेले असतील! राणीछाप असो की पंचम जॉर्जचा, कलदार म्हणजे ११.६६ ग्रॅम वजन आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. वितळवून सुनेचे तोडे झाले. सुनेला काय, तोडेच बरे!

पण रुपयांसोबत एखादा जाड बिल्लाही मुशीत जातो, त्याची मला जास्त हळहळ वाटते. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये इंग्रज सरकारने तो सुरू केला. एका अंगाला पंचम जॉर्ज, दुसऱ्या अंगाला घोड्यावरचा उघडा वीर आणि टापांखाली प्रशियाच्या गरुडाची ढाल. लढणाऱ्या हिंदी शिपायाला तो चांदीचा मिळाला. ओझी वाहणाऱ्या मजूर पलटणींना मात्र ब्राँझचा. मरण काही दोघांना वेगवेगळ्या धातूचं नव्हतं. जाणता संग्राहक चित्राआधी कड पाहतो. तिथे शिपायाचा नंबर, नाव, पलटण ठोकलेली असते. १९८० च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा जगभर असे कितीतरी बिल्ले वितळले.

ज्यांची ढाल तुडवली त्या जर्मनांनीही दोन युद्धांमधल्या काळात खूप पदकं पाडली. म्युनिकच्या कार्ल गोट्झचं नाव संग्राहकांच्या तोंडी असतंच. मला मात्र त्या काळच्या चांदीच्या पदकांहून साध्या धातूचं एक पदक मोलाचं वाटतं. त्यावर १ नोव्हेंबर १९२३ चे भाव कोरलेत : अर्धा किलो पाव ३ अब्ज मार्क, तेवढंच मांस ३६ अब्ज, एक पेला बिअर ४ अब्ज. मांस-बिअरशी आमच्या घराला देणंघेणं नाही, पण पावाचा आकडा किराण्याची यादी करणाऱ्या बाईला लगेच कळतो. पदकावर राजा नाही, सेनापती नाही. आहे तो बाजारभाव.

पुढे १९२५ मध्ये ऱ्हाइनलँडच्या हजार वर्षांनिमित्त त्यांनी ३ आणि ५ मार्कांची नाणी काढली, त्यांत निम्मीच चांदी. आपल्या रुपयातली चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा.

जुन्या पेटीत असा बिल्ला निघाला तर चिंचेने घासू नका. भिंग घेऊन कड वाचा, नाव वहीत उतरवा. सराफ काय, उद्याही दुकान उघडणारच आहे.