घराण्यांनी जपलेले कोपरे

1835 साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, एका सरदाराच्या वाड्यावर ‘गो’ या पटावरच्या खेळाचा एक डाव मांडला गेला. पांढरे खडे होनिन्बो घराण्याचे प्रमुख जोवा यांच्याकडे होते. देशातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूला मिळणारे ‘मेइजिन’ हे पदही त्यांच्याकडेच होते. काळे खडे घेऊन बसला होता इनोउए घराण्याचा तरुण शिष्य आकाबोशी इंतेत्सू. एका कोपऱ्यात ‘तायशा’ नावाची अतिशय गुंतागुंतीची मांडणी उभी राहिली आणि इंतेत्सूने तिच्यात एक अनपेक्षित खेळी केली. ही खेळी इनोउए घराण्याने आपसात शोधून, तपासून, बाहेरच्या कुणालाही न दाखवता राखून ठेवली होती.

त्या काळी होनिन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी या चार घराण्यांना शोगुनाच्या खजिन्यातून वेतन मिळे. सर्वोच्च पद एकाच वेळी एकाकडेच जाई, आणि इंतेत्सूचे गुरू गेन्नान इनसेकी यांना ते हवे होते. शिष्याने जोवांना हरवले असते तर त्यांच्या पदावर बोट ठेवता आले असते. राखून ठेवलेली खेळी बाहेर काढण्यामागे एवढा मोठा डाव होता.

सुरुवातीला इंतेत्सूची बाजू वरचढ ठरली. पुढे जोवांनी मधल्या पटावर केलेल्या तीन खेळी आजही ‘जोवांच्या तीन अद्भुत खेळी’ म्हणून शिकवल्या जातात. अनेक बैठकांनंतर, 246 खेळींनी डाव संपला आणि इंतेत्सू हरला. हरल्यावर त्याने रक्त ओकले, आणि थोड्याच काळात तो वारला. जपानमध्ये हा डाव ‘रक्त ओकण्याचा डाव’ म्हणूनच ओळखला जातो.

मुळात कोपऱ्याला एवढे महत्त्व का? गोच्या पटावर 19 आडव्या आणि 19 उभ्या रेघा असतात, त्यांचे 361 छेदबिंदू. ज्याने जास्त जागा घेरली तो जिंकतो. कोपऱ्यात पटाच्या दोन कडा आयत्या कुंपणाचे काम करतात, म्हणून तिथे सर्वांत कमी खड्यांत जागा बांधता येते. डाव सुरू होताच दोघेही कोपऱ्यांकडे धावतात ते यासाठीच. तिथल्या झटापटीत दोघांनाही साधारण सारखाच लाभ देणारे, पिढ्यान्‌पिढ्या पारखलेले खेळींचे क्रम म्हणजे ‘जोसेकी’.

पण ‘सारखाच लाभ’ हा हिशेब त्या कोपऱ्यापुरता. तायशासारख्या मांडणीत कधी कधी ‘शिडी’ लागते: पळणाऱ्या खड्यांचा पाठलाग तिरका, पायरीपायरीने, थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत जातो. तिथे पळणाऱ्याचा एखादा खडा आधीच बसलेला असला तर शिकारी स्वतःच अडकतो. त्यामुळे कोणती जोसेकी निवडायची हे उरलेले तीन कोपरे पाहूनच ठरवावे लागते. घराण्याचे गुपित कितीही पक्के असले तरी ते एका कोपऱ्यापुरतेच होते, आणि इंतेत्सूचा घात तिथेच झाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अकरा वर्षांनी, 1846 मध्ये, खुद्द गेन्नान इनसेकींच्या बाबतीत तेच घडले. त्यांनी होनिन्बो घराण्यातल्या कोवळ्या शूसाकूविरुद्ध पुन्हा तायशात खास खेळी केली. शूसाकू चुकला, मागे पडला. मग 127 व्या खेळीला त्याने पटाच्या मध्याकडे असा खडा ठेवला की एकाच वेळी चारही दिशांना त्याचा उपयोग झाला. डाव शूसाकूनेच जिंकला.

चीनमध्ये, या खेळाच्या जन्मभूमीत, असे कोपरे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत फारसे फुललेच नाहीत. तिथे डावाआधीच चारही कोपऱ्यांत 4-4 बिंदूंवर, म्हणजे दोन्ही कडांपासून चौथ्या रेघा जिथे छेदतात तिथे, दोन काळे, दोन पांढरे खडे मांडून ठेवत. जपानने ही प्रथा फार पूर्वी सोडली होती. पट रिकामा झाला आणि निवडीला वाव मिळाला.

तरीही बंधने होतीच. होनिन्बो घराण्यात डावाच्या सुरुवातीला 3-3 चा बिंदू वर्ज्य मानला जाई. 1933 मध्ये होनिन्बो शूसाई यांच्यासमोर बसलेल्या, चीनमधून आलेल्या एकोणीस वर्षांच्या गो सेइगेनने पहिलाच खडा नेमका तिथे ठेवला. दुसरा तिरक्या समोरच्या कोपऱ्यात 4-4 वर, आणि तिसरा थेट पटाच्या मधोमध. जुन्या रसिकांना तो उद्धटपणा वाटला. जानेवारी 1934 मध्ये डाव संपला तेव्हा शूसाई दोन गुणांनी जिंकले, पण गो सेइगेन आणि त्याचा समकालीन खेळाडू कितानी मिनोरू यांच्या नव्या पद्धतीने तरुण खेळाडू भारावून गेले होते.

नियमांनीही निवड बदलली. पहिली खेळी काळ्याची. त्या लाभाची भरपाई जुन्या काळी पांढऱ्याला मिळत नसे. त्यामुळे शूसाकूची सावकाश, भक्कम तिरकी चाल काळ्याला पुरेशी होती. आज जपानमध्ये पांढऱ्याला साडेसहा गुण मिळतात, त्यामुळे काळ्याला तेवढे स्वस्थ बसणे परवडत नाही.

मग संगणक आला. मार्च 2016 मध्ये सोलमध्ये ‘अल्फागो’ या संगणक-प्रणालीने व्यावसायिक खेळाडू ली सेदोलला 4-1 असे हरवले. पुढच्या वर्षी त्याच्या डावांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली: प्रतिस्पर्ध्याचा खडा 4-4 वर असला की तो डावाच्या आरंभीच खालच्या 3-3 वर शिरे. समोरच्याला बाहेर भक्कम भिंत मिळते म्हणून शिक्षक हे टाळायला शिकवत. काही महिन्यांतच व्यावसायिक खेळाडू तेच खेळू लागले.

ऑक्टोबर 2017 मध्ये ‘अल्फागो झिरो’ची माहिती प्रसिद्ध झाली. त्याला माणसांचा एकही डाव दाखवला नव्हता, केवळ नियम दिले होते. स्वतःशीच खेळताना काही दिवसांत त्याने माणसांच्या नेहमीच्या अनेक जोसेकी आपल्या आपण शोधून काढल्या, काही काळ वापरल्या, आणि पुढे त्यांतल्या काही टाकून नव्या पसंत केल्या.