तारखेचा दिवस

आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरात दोन तऱ्हेचे दिवस असतात. एक कामाचा आणि एक तारखेचा. तारीख म्हणजे कोर्टाची, तहसीलची, मोजणीची, कुठलीही असो. दुपारी तीनला पेणला कचेरीत जायचं असलं, तरी माणूस सकाळी सहापासून धुतलेलं धोतर नेसून पडवीत बसतो. बैल सोडत नाही, कोयता हातात घेत नाही. मध्ये आठ-नऊ तास मोकळे असतात, पण ते त्याचे नसतात. विचारलं तर म्हणणार, "आज नाय जमाचा. आज तारीख हाय."

हल्ली शहरातली पोरंही हेच सांगतात. माझा पुतण्या ठाण्याला असतो. चार वाजता मुलाखतीचा फोन येणार असला की सकाळपासून त्याला जेवणही गोड लागत नाही. घरच्यांना तो आळस वाटतो. मला तसं वाटत नाही. आपल्या भागात ही सवय कुठून आली, ते मी थोडं पाहिलेलं आहे आणि बरंच ऐकलेलं आहे.

आधी हे सांगायला हवं, की वेळ पाळणं आम्हाला इंग्रजांनी किंवा कचेरीने शिकवलेलं नाही. पेणचा खारेपाट हा समुद्राच्या वेळापत्रकावरच जगलेला मुलूख. धरमतरच्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढणार आणि दोनदा उतरणार. बाहेरकाठ्याला खांड पडली तर ती ओहोटीतच बांधायची, उघाडीतून पावसाचं पाणी सोडायचं तेही ओहोटीतच. त्यासाठी मनगटावर घड्याळ लागत नव्हतं. हिशेब सोपा होता. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास आणि उधाणाची. खाडी जितकी आत शिरते तितकं पाणी उशिरा पोचतं, म्हणून ज्या त्या गावाने आपली थोडी भर घालायची. माझे मामा रोह्याकडचे. कुंडलिकेचं भरतीचं पाणी रोहा-अष्टमीपर्यंत चढतं, तिथली माणसंही हाच हिशेब धरायची.

आता बघा, भरती सहाला येणार हे माहीत असलेला माणूस हात बांधून बसत होता का? मुळीच नाही. तो पाणी पायाला लागेपर्यंत काम करायचा. चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकायचे, बायका-पोरं सगळी रांगेत, आणि शेवटचा गोळा बसला की मागून पाणी यायचंच. वेळ ठरलेली असली म्हणजे माणूस अडकतो असं नाही, ठरलेली वेळ कामाला जोरही देते. कारण भरती येणारच. ती साहेब रजेवर आहे म्हणून पुढची तारीख देत नाही. आणि एक भरती हुकली तर बारा-साडेबारा तासांनी दुसरी ओहोटी मिळते.

मग कचेरीची वेळ आली. खुद्द मुंबईतही घड्याळाच्या वेळेवरून भांडणं झालेली आहेत. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक वेळ लागू झाली, ती मुंबईच्या आपल्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. गिरणी कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि मुंबईची महापालिका तर पुढची जवळजवळ पन्नास वर्षं जुनीच वेळ धरून राहिली. घड्याळ कुणाचं, हा प्रश्न तेव्हाही साधा नव्हता.

आमच्या घरात तारखेची भीती शिरली ती कुळकायद्याने. तो कायदा वाईट होता असं मी म्हणत नाही. उलट आमची पिढी त्याच्यावर उभी आहे. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून सहा वर्षं जमिनी न कसता संप केला, त्या लढ्याचं देणं त्या कायद्यात आहे. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा, त्यात पुढे झालेली दुरुस्ती, आणि मग १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारा कूळ हा मालक मानला गेला. पण मानला जाणं वेगळं आणि सातबाऱ्यावर येणं वेगळं. त्यासाठी कलम ३२ ग ची चौकशी होती. कुळाला नोटीस निघायची, अमुक दिवशी अमुक वेळी हजर राहा, जमीन घेणार की नाही ते सांग. घेतो म्हटलं की किंमत ठरायची, आकाराच्या २० पटीपासून २०० पटीपर्यंत. ती हप्त्याने फेडायची, आणि सगळी फिटली की ३२ म चं सर्टिफिकेट.

त्यातली मेख अशी होती, की नोटीस लागूनही कूळ हजर झाला नाही, तर त्याची जमीन घ्यायची इच्छा नाही असं धरलं जायचं. खरेदी निष्फळ. म्हणजे बापजाद्यांनी तीन पिढ्या मक्ता भरून कसलेलं शेत एका दुपारी हातातून जाऊ शकत होतं. एस.टी. चुकली, ताप आला, नोटीस कुणी वाचून दाखवली नाही, मालकाचा माणूस म्हणाला "तू कशाला येतोस, मी सांगतो साहेबांना", एवढं पुरे होतं. असं कितीतरी कुळांचं झालं असणार. त्याशिवाय सरकारने १९६९ साली दुरुस्ती करून अशा काही कुळांना पुन्हा एक संधी कशाला दिली असती?

आमच्या बाबांची तारीख लागली तेव्हा मी फार लहान होतो. जे सांगतो ते आईच्या तोंडून ऐकलेलं. लावणीचे दिवस होते. रोपं उपटून ठेवलेली. तारीख दुपारची होती, सकाळी एक वाफा सहज लावून झाला असता. आजीने बाबांना चिखलात उतरू दिलं नाही. म्हणाली, "पाय घसरला, हात मोडला, तर साहेबासमोर कोन उभा राहील? कामाला हात नको लावू आज." बाबा दोन तास चालत जाऊन कचेरीच्या झाडाखाली बसले. हाक संध्याकाळी आली. मामा तर रोह्याला आदल्या रात्रीच जायचे. तेव्हा रोह्यापर्यंत रेल्वे नव्हती, ती १९८६ ला आली. ओट्यावर झोपायचं, उशाला कागदांची पिशवी, आणि पिशवीचा बंद मनगटाला बांधलेला.

बाबांची जमीन नावावर झाली. पण तारखेच्या दिवशी काम नको, हा घराचा नियमच होऊन बसला. आमच्या लग्नाच्या बोलणीच्या दिवशीही कुणी शेतावर गेलं नाही. बाबांना एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "भरतीची वेल आपली अस्ते. तारखेची वेल दुसऱ्याची अस्ते." एवढंच म्हणाले. पण सगळं त्यात आलं.

एका माणसाचा एक दिवस असा बसून गेला तर फार बिघडत नाही. सगळा मुलूखच तारखेची वाट बघत बसला तर काय होतं, ते आम्ही सेझच्या वेळी भोगलं. २००५ चा सेझचा कायदा झाला आणि उरण, पनवेल, पेण या तीन तालुक्यांतल्या ४५ गावांवर एका मोठ्या कंपनीच्या सेझसाठी संपादन आलं. नोटिसा आल्या, हरकती झाल्या, सुनावण्या झाल्या. आमच्या गावात त्या काळात कुणी नवं घर बांधायला काढलं नाही. जमीनच जाणार तर कौलं कशाला फिरवायची? पोरींची लग्नं अडली, कारण समोरचे विचारायचे, जमीन राहणार का? सगळ्यात वाईट म्हणजे बाहेरकाठा. दरवर्षी पावसाआधी भर घालायची, ती घातली नाही. आज करू, उद्या निकाल लागला की करू. पण उधाण काही निकालासाठी थांबत नाही. खांड पडली, खारं पाणी शेतात आलं, आणि खारं पाणी एकदा आत आलं की ती जमीन गोडी व्हायला पुढचे पावसाळे जातात.

मग २१ सप्टेंबर २००८ उजाडला. रविवार होता, पितृपक्ष चालू होता. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं, जमीन द्यायची की नाही. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारखी माणसं आणि गावोगावच्या बाया त्यासाठी लढल्या होत्या. त्या दिवशी म्हातारी माणसं मतदानाच्या कितीतरी आधी येऊन बसली होती, पिशवीत सातबारा घेऊन. शेतात भात निसवत होतं आणि बांधावर माणूस नव्हता. त्या बसलेल्या रांगा बघून मला बाबा आठवले. त्यांनाही पक्कं माहीत होतं, की हजर नसलो तर आपल्या वतीने दुसराच कुणीतरी बोलेल.

निकाल जाहीर व्हायची वाट बघता बघता महिने गेले. पण भूसंपादनाच्या कायद्यात एक तारीख सरकारसाठीही होती. कलम ६ ची अधिसूचना निघाल्यापासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही, तर सगळं संपादनच रद्द. जून २००९ मध्ये ती मुदत संपली. निवाडा झाला नव्हता. कुळाची तारीख चुकली की जमीन जाते, हे आम्ही पन्नास वर्षं ऐकत होतो. समोरच्याची तारीख चुकली की जमीन राहते, हे पहिल्यांदा पाहिलं.

२०२४ मध्ये पेण, उरण, पनवेलच्या १२४ गावांवर नवं शहर वसवायची अधिसूचना निघाली आहे. पुन्हा हरकती, पुन्हा सुनावण्या, पुन्हा पडवीत धुतलेले कपडे घालून बसलेली माणसं. त्यांना आळशी म्हणू नका. ज्याला एका हाकेवर जमीन गमावायची भीती आहे, त्याचा हात सकाळी कोयत्यावर जाणार नाही. सुनावणीला जरूर जावं, वेळेआधी जावं, कागद बरोबर न्यावेत. फक्त घरातल्या एकाने जावं आणि बाकीच्यांनी बांधावर राहावं. पुढच्या उधाणाची तिथी पंचांगात छापलेली आहे. तिची पाऊणपट करावी आणि त्याआधी खांड बांधून घ्यावी.