तीन रेघांची तुळई

सोपारा गावातलं आमचं वाडीतलं घर पाडलं नाही, उतरवलं. शब्द आजोबांचा. लाकडी घर जसं उभं केलं तसंच, उलट्या क्रमाने खाली घ्यायचं, असं ते सांगत. आधी कौलं, मग रिपा, वासे, आढं, तुळया, आणि अगदी शेवटी खांब.

घर सहा खणांचं. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घर केवढं, हे तेव्हा खणांत सांगत. खांब सागाचे, वासे ताडाचे. एकही खांब जमिनीत पुरलेला नव्हता. ओल आणि वाळवी लाकडाला भिडू नये म्हणून प्रत्येकाखाली दगडी तळखडा होता. छपराचा सगळा भार खांबांवर, त्यामुळे भिंत हवी तेवढी हलकी चाले. मागच्या पडवीला तर नुसता कूड होता: कारवीच्या काठ्या उभ्या बांधून दोन्ही अंगांनी शेणमातीचं लिंपण. आजी दिवाळीआधी तो सारवायची. सुकल्यावर तिच्या बोटांचे फराटे तसेच दिसत, आणि मी त्यांवरून हात फिरवत बसे.

मधल्या घरावर मंगलोरी कौलं होती. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि पुढे ही कौलं कोकणभर पोचली. पडवीवर मात्र नळीचीच राहिली. वानरं आणि वारा ती सरकवत, म्हणून दर मे महिन्यात शाकारणी करावी लागे.

खरी गोष्ट दिसली ती तुळया निघाल्यावर. तुळईच्या टोकाचं कुसू खांबाच्या भोकातून सुटलं आणि आत, इतकी वर्षं उजेड न लागलेल्या लाकडावर, छिन्नीच्या तीन रेघा होत्या. खांबावरही तीन. पलीकडच्या जोडीवर दोन, त्यापुढे चार. "आधी जमिनीवर जुळवायचं, ताई," सुतारमामा म्हणाले. "नीट बसलं की खूण करायची, मगच उभं करायचं." इंग्लंडमधल्या ओकच्या चौकटीच्या जुन्या शेतघरांतही सांध्यांवर अशाच खुणा सापडतात, बहुधा रोमन आकड्यांच्या. तिथे कारवीच्या जागी हेझलच्या काटक्या विणून वर माती लिंपत. एकमेकांना कधीही न भेटलेले सुतार त्याच युक्तीला पोचले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सोपाऱ्याला लाकूडकामाची आठवण जुनी आहे. 'दिव्यावदान' या बौद्ध कथासंग्रहातल्या कथेत शूर्पारकाच्या, म्हणजे याच सोपाऱ्याच्या, पूर्णाने व्यापाऱ्यांना समुद्रातल्या वादळातून वाचवलं, आणि त्यांनी आणलेल्या चंदनाचा प्रासाद बुद्धासाठी इथे उभा राहिला. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला विटांचा स्तूप उकरला. त्या टेकाडाला गावकरी 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. विटांच्या ढिगाला लोकांनी बांबू विणणाऱ्या माणसाचं नाव द्यावं, हे मला या गावाच्या स्वभावाला धरूनच वाटतं.

आमचे चार खांब चुलतभावाच्या ओटीला लागले. बाकीचं लाकूड ओशिवऱ्याच्या बाजारात गेलं, त्यात तीन रेघांचा खांबही गेला. त्याची तुळई मी ठेवून घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत ती आडवी मावेना, तेव्हा मिस्त्री म्हणाला, टोक वीतभर कापू या. मी त्याला दुसऱ्या बाजूने कापायला लावलं. कुसू आणि रेघा शाबूत आहेत.