ट्रायटन : इंजिन एकाचं, सांगाडा दुसऱ्याचा

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं होतं, "घरात बाबांची जुनी गाडी पडून आहे, तिची कॅफे रेसर करायची आहे, यावर एक एपिसोड करा ना." करू या. पण कुठला हँडल लावायचा आणि कुठली सीट बसवायची, हे आज सांगणार नाही. आज आधी एक गोष्ट ऐका. रस्त्यावरच्या जुन्या गाडीची रेसिंग गाडी करायचं हे वेड नेमकं कुठून आलं, आणि त्याची किंमत कोणी मोजली, याची. हेडफोन लावा, चला लंडनला.

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ मध्ये 'एस कॅफे' नावाचं एक हॉटेल सुरू झालं. आपल्याकडे हायवेवर ट्रकवाल्यांचा ढाबा असतो ना, साधारण तसंच. १९४० मध्ये, महायुद्धात, बॉम्ब पडून ते उद्ध्वस्त झालं आणि १९४९ मध्ये पुन्हा उभं राहिलं. रात्रभर उघडं, चहा स्वस्त. मग तिथे ट्रकवाल्यांसोबत मोटरसायकलवाली पोरं जमायला लागली. बहुतेक सगळी कामगारांच्या घरातली. हातात पहिल्यांदाच स्वतःचा पगार आलेला, आणि त्या पगारात चारचाकी काही परवडत नव्हती.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळात ब्रिटनमध्ये गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यांवर वेगमर्यादाच नव्हती. ताशी ७० मैलांची मर्यादा आली डिसेंबर १९६५ मध्ये. त्यामुळे या पोरांसमोर एकच आकडा होता : ताशी १०० मैल, म्हणजे १६१ किलोमीटर. त्यांच्या बोलीत त्याला 'टन' म्हणत. १९५७ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीत बॉब मॅकइन्टायरने पहिल्यांदा सरासरी १०० मैलांच्या वर एक फेरी पूर्ण केली होती. जे तिथे रेसर करतो, ते आपण आपल्या रस्त्यावर करायचं, एवढंच स्वप्न.

पण घोडं पेंड खात होतं ते फिजिक्समध्ये. बीटेकला शिकलेलं इथे उपयोगी पडतं बघा. हवेचा विरोध कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ८० मैलांवरून १०० वर जायचं, तर वेग वाढतो फक्त सव्वापट, पण हवा कापायला लागणारी ताकद होते जवळजवळ दुप्पट! म्हणून मग पोरांनी दोन वाटा धरल्या. एक, इंजिनची ताकद वाढवायची. दुसरी, हवेसमोर स्वतःचं अंग कमी करायचं.

दुसऱ्या वाटेतूनच ते रूप जन्माला आलं, जे आज आपण इन्स्टाग्रामवर बघतो. उंच हँडल काढून खाली, थेट फोर्कच्या नळ्यांवर बसणारे क्लिप-ऑन लावले, म्हणजे चालवणारा टाकीवर वाकतो. वाकल्यावर पाय पुढे ठेवून चालत नाही, म्हणून फूटरेस्ट मागे नेले. मागे सरकून बसता यावं म्हणून एकाच माणसाची, मागून उंच झालेली सीट. मडगार्ड छोटे, नको तो पत्रा काढून टाकलेला, कारण वजन कमी. यातली एकही गोष्ट दिसायला छान म्हणून केलेली नव्हती. प्रत्येकीमागे कारण होतं. हे वाक्य डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता पहिली वाट, इंजिनची. इथे आपल्या गोष्टीची नायिका येते : ट्रायटन. गंमत म्हणजे या नावाची गाडी ना ट्रायम्फने बनवली, ना नॉर्टनने. ट्रायम्फमधला 'ट्राय' आणि नॉर्टनमधला 'टन' जोडून नाव पडलं.

ट्रायम्फकडे इंजिन होतं. एडवर्ड टर्नर यांनी आखलेली ५०० सीसीची 'स्पीड ट्विन' १९३७ मध्ये आली. दोन सिलिंडर शेजारी शेजारी, हलकं, आटोपशीर. पुढे ते ६५० सीसीपर्यंत वाढलं, आणि १९५९ च्या बॉनव्हिलमध्ये ४६ हॉर्सपॉवरपर्यंत पोचलं. ट्यूनिंग सोपं, सुटे भाग जागोजागी मिळत. पण ट्रायम्फची फ्रेम? जोरात वळणावर घातली की गाडी डुलायची.

नॉर्टनकडे नेमकं उलट. बेलफास्टच्या रेक्स आणि क्रोमी मॅककँडलेस या भावांनी त्यांच्यासाठी एक फ्रेम बनवली. इंजिनच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून येणाऱ्या दोन नळ्या, हँडलच्या मुळाशी एकमेकींना ओलांडणाऱ्या, आणि मागे स्विंगआर्म सस्पेन्शन. १९५० मध्ये ती शर्यतीत उतरली. हॅरॉल्ड डॅनियल हा नॉर्टनचा रेसर म्हणाला की ही चालवताना पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं. झालं, नाव पडलं 'फेदरबेड'. त्याच वर्षी जेफ ड्यूकने तिच्यावर सीनियर टीटी जिंकली.

मग या फ्रेम मोकळ्या कशा मिळाल्या? त्या काळात ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग कार जोरात होत्या आणि त्यांना नॉर्टनच्या मँक्स गाडीचं इंजिन हवं असायचं. कंपनी सुटं इंजिन विकायला राजी नव्हती. मग कारवाले अख्खी मोटरसायकल विकत घ्यायचे, इंजिन काढून घ्यायचे आणि सांगाडा कोपऱ्यात पडायचा. पुढे रस्त्यावरच्या नॉर्टन गाड्यांनाही फेदरबेड फ्रेम आली, आणि अपघातात गेलेल्या गाड्यांच्या फ्रेम भंगारात मिळू लागल्या. एकाचं भंगार, दुसऱ्याचं भांडवल.

पण हे जोडकाम म्हणजे चार बोल्टचा खेळ नव्हता. ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या फ्रेममध्ये बसावं म्हणून जाड पत्र्याच्या प्लेट कापून भोकं पाडायची. त्या वेळच्या ट्रायम्फमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असायचे (६५० सीसीमध्ये ते १९६३ ला एकत्र झाले), त्यामुळे दोन्ही वेगळे बसवून त्यांच्यातली चेन सरळ रेषेत आणायची. मग मागच्या चाकाची चेनही सरळ हवी. जराशी तिरकी राहिली तर ती चेन खाते, स्प्रॉकेट खाते आणि भर वेगात तुटू शकते. शिवाय इंजिन जमेल तितकं पुढे हवं, म्हणजे पुढच्या चाकावर वजन राहतं आणि वळणावर गाडी ऐकते. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिस्टिम जोडताना सगळा जीव मधल्या इंटरफेसमध्ये असतो, तसंच.

आणि हे नुसतं पोरांचं खूळ राहिलं नाही. डेव्ह डेगन्स हा ट्रायटन बनवणारा कारागीर. त्याने १९६५ मध्ये रेक्स बुचरसोबत बार्सिलोनाची २४ तासांची शर्यत ट्रायटनवर जिंकली. रस्त्यावरच्या इंजिनला दुसऱ्याचा सांगाडा देऊन केलेली गाडी, अख्खा दिवस आणि अख्खी रात्र पळून, सगळ्यांच्या पुढे!

पण थांबा. टाळ्या वाजवण्याआधी नाण्याची दुसरी बाजू बघू. इंजिन वाढलं, फ्रेम सुधारली, पण ब्रेक? ड्रमचे. टायर अरुंद. ब्रिटनमध्ये हेल्मेटची सक्ती आली १९७३ मध्ये. ज्या रस्त्यावर ही पोरं टन गाठायची त्याच रस्त्यावर ट्रक होते, सायकली होत्या, माणसं होती. पोरं मेली. विशी-बाविशीची, ज्यांच्या घरी सकाळी पोलीस गेले. वर्तमानपत्रांनी त्यांना गुंड ठरवलं, आणि १९६४ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत मॉड आणि रॉकर टोळ्यांच्या मारामाऱ्या झाल्यावर तर विचारूच नका.

या सगळ्यात एक माणूस मला फार आवडतो. फादर बिल शेरगोल्ड. पूर्व लंडनमधल्या हॅकनी विक भागातले पाद्री, स्वतः मोटरसायकल चालवणारे. त्यांनी एस कॅफेवर जाऊन या पोरांना चर्चच्या 'फिफ्टी नाइन क्लब'मध्ये बोलावलं, आणि १९६२ मध्ये तिथे मोटरसायकलवाल्यांचा वेगळा विभाग सुरू झाला. 'गाडी सोडा' असं नाही, 'गाडी घेऊन या' असं म्हणाले. आपल्याकडे पोरांना ओरडणारे खूप असतात. असं बोलावणारे किती असतात?

१९६९ मध्ये एस कॅफे बंद पडला. ब्रिटिश मोटरसायकल कंपन्याही एकामागून एक बसत गेल्या. २००१ मध्ये कॅफे त्याच जागी पुन्हा उघडला आणि आजही तिथे गाड्या जमतात.

आता आपल्याकडे या. ट्रायटनचे दोन्ही अर्धे आज कुठे आहेत माहितीये? नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने विकत घेतली. आणि ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या बजाज बनवते, आपल्या चाकणला! ज्या दोन नावांचं लग्न लंडनच्या पोरांनी गॅरेजमध्ये लावलं, त्यांचा संसार आता असा भारतापर्यंत आलाय.

म्हणून तुमच्या त्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. हौसेला मोल नाही, मान्य. पण आपल्याकडे कायदा आहे : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी बदलायला ते आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. तेव्हा आधी आरटीओत विचारा. आणि कायद्याच्याही आधी स्वतःला विचारा : मी हे का बदलतोय? हँडल खाली नेलं आणि फूटरेस्ट जागेवरच ठेवले, तर ती रेसर होत नाही, फक्त कंबर जाते. सायलेन्सर काढला म्हणून वेग वाढत नाही, शेजारच्या आजींची झोप जाते. त्या पोरांच्या प्रत्येक बदलामागे कारण होतं. त्यांनी एकच गोष्ट मागे ठेवली, ब्रेक, आणि तिचीच किंमत मोजली.

बाबांची जुनी गाडी बाहेर काढणार असाल तर जरूर काढा. पण पहिला खर्च ब्रेकवर, दुसरा टायरवर, तिसरा चांगल्या हेल्मेटवर. सीट आणि रंग त्यानंतर. आणि काम सुरू करण्याआधी एकदा बाबांना मागे बसवून चक्कर मारून आणा. कारण एकाच माणसाची सीट बसवली की ते पुन्हा जमणार नाही.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सावकाश चालवा!