टॉप व्ह्यू खाली का?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या तासाला मिनी ड्राफ्टर टेबलाला आवळून शीटवर आडवी एक्स-वाय रेषा ओढली, की सर सांगतात, "वर फ्रंट व्ह्यू, खाली टॉप व्ह्यू." वरून दिसणारं खाली का? आम्ही विचारलं तेव्हा "फर्स्ट अँगलमध्ये तसंच असतं" एवढंच उत्तर मिळालं. अनेकांची केटी याच विषयात लागली, ते वेगळं.

एकाच वस्तूची समोरून आणि वरून अशी दोन चित्रं काढायची चाल जुनीच. युरोपातले पाथरवट कमानीचे दगड तसेच आखत. चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररने १५२५च्या आपल्या भूमितीच्या पुस्तकात तिरका कापलेला शंकू याच रीतीने काढला. शंकू खाली रुंद, तेव्हा कापही खाली रुंदच असणार असं त्याला वाटलं आणि त्याचं लंबवर्तुळ अंड्यासारखं एका टोकाला फुगलं. दोन चित्रं हाताशी होती, पण त्यांना पक्कं जखडणारा नियम नव्हता.

तो बसवला गास्पार मोंजने. १७४६ साली फ्रान्समधल्या बोन गावातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या या पोराने गावाचा नकाशा इतका चोख काढला, की एका अधिकाऱ्याने त्याला मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत नेलं. पण तिथे अधिकारी व्हायला घराणं लागे. मोंजच्या वाट्याला आली नकाशे काढण्याची आणि प्लास्टरचे नमुने करण्याची कारागिरी.

तिथे एकदा त्याला गणित दिलं गेलं: भोवतालच्या टेकड्यांवरून शत्रूने तोफा डागल्या तरी आतलं काही थेट माऱ्यात येऊ नये, असा किल्ला आखायचा. एरवी यासाठी आकडेमोडीचे ढीग लागत. मोंजने रेषा ओढून उत्तर इतक्या लवकर आणलं, की वरिष्ठ ते तपासायलाच तयार होईना. एवढ्या वेळात हे होणारच नाही, म्हणे. अखेर तपासलं आणि बरोबर निघालं. मग लष्कराने ही रीत गुपित म्हणून वर्षानुवर्षं दाबून ठेवली. फ्रेंच क्रांतीनंतर, १७९५ साली, मोंजने पॅरिसमध्ये ती उघड शिकवली. पुस्तक १७९९ साली आलं.

रीत काय? एक वही काटकोनात उघडा: एक पान टेबलावर, दुसरं उभं. मधे पेला ठेवा. समोरून येणारे समांतर किरण पेल्याची आकृती मागच्या उभ्या पानावर टाकतील, वरून येणारे टेबलावरच्या पानावर. आता पेला उचला आणि उभं पान मागे पाडून वही सपाट करा. मागे पडलेलं पान वर गेलं आणि वरून दिसलेलं चित्र राहिलं खाली! हाच फर्स्ट अँगल. वहीची मधली घडी हीच ती एक्स-वाय रेषा. पेल्यावरच्या एखाद्या बिंदूच्या दोन्ही प्रतिमा या रेषेला काटकोन करणाऱ्या एकाच उभ्या रेषेवर येतात, म्हणून दोन चित्रांतून अख्खा पेला परत उभा करता येतो. सरांनी ही वही एकदा उघडून दाखवली असती तर!

अमेरिकेत थर्ड अँगल रुळला. वस्तू जणू काचेच्या पेटीत ठेवायची, प्रत्येक काचेतून जे दिसेल ते त्याच काचेवर गिरवायचं आणि पेटी उलगडायची. टॉप व्ह्यू आपोआप वर जातो. मला विचाराल तर हेच जास्त सरळ. आपल्याकडे मात्र १९८८च्या एसपी ४६ या भारतीय मानकाने शाळा-कॉलेजांसाठी फर्स्ट अँगल धरला.

वर्कशॉपमध्ये दोन्ही पद्धतींची ड्रॉइंग येतात आणि गल्लत झाली की डावीकडचं भोक उजवीकडे पडतं, जॉब भंगारात जातो. म्हणून टायटल ब्लॉकमध्ये एक छोटी खूण असते: टोक उडवलेला आडवा शंकू, शेजारी एकात एक दोन वर्तुळं. वर्तुळं शंकूच्या रुंद तोंडाकडे असतील तर फर्स्ट अँगल, अरुंद तोंडाकडे असतील तर थर्ड. जुना टर्नर मापं वाचायच्या आधी तिथे बघतो.